आवाज बंद करून पाहिलेली बातमी

ताई, नमस्कार.

मी अमेरिकेत पत्रकारितेत मास्टर्स करतेय. फीचा भार थोडा हलका व्हावा म्हणून एका प्राध्यापक बाईंकडे संशोधन साहाय्यकाचं काम घेतलं. बाई कृष्णवर्णीय आहेत. आधी वीस वर्षं रिपोर्टर होत्या, आता बातम्यांमध्ये वंश कसा दिसतो यावर अभ्यास करतात. माझं काम असं : स्थानिक टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या बातम्यांच्या क्लिप पाहायच्या आणि दिसणाऱ्या प्रत्येक माणसापुढे खूण करायची. गोरा, कृष्णवर्णीय, लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतलं असलेला), आशियाई, की ‘सांगता येत नाही’. पुढच्या रकान्यात भूमिका : संशयित, पीडित, पोलीस, साक्षीदार, इतर.

मला हे पहिल्या दिवसापासून खटकतंय. चेहरा बघून माणसाचा वंश लिहायचा, हाच वंशवाद नाही का? म्हणून मी जरा शंका आली की ‘सांगता येत नाही’ लिहीत गेले. दुसरा कोडर, म्हणजे माझ्यासारख्याच नोंदी करणारा, कृष्णवर्णीय मुलगा आहे. त्याच्या आणि माझ्या नोंदी जुळल्याच नाहीत. एका क्लिपमधल्या मुलाला मी संशयित लिहिलं, तो मयताचा भाऊ निघाला. पण तेव्हा मी आवाज बंद करून भराभर बघत होते. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, ‘हा डेटा बातम्यांबद्दल काही सांगत नाही, तुझ्याबद्दल सांगतो.’ माझं सगळं काम पहिल्यापासून परत करायचं ठरलं.

मला फार लागलं. मी भारतीय आहे, या गोऱ्या-काळ्यांच्या भांडणाशी माझा काय संबंध? आमच्या घरात तर जातीचा विषयसुद्धा कधी निघाला नाही. आई-बाबा म्हणतात, हे वंशबिंश सोड, डिजिटल मार्केटिंगचे विषय घे, नोकरी तरी लागेल. आत्या दर रविवारी फोनवर विचारते, ‘काळ्यांच्या वस्तीत नाही ना राहत?’ काम सोडू का?

— एक विद्यार्थिनी

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुझीच बाजू घ्यावीशी वाटली. चारचौघांत असं ऐकून घेणं कुणालाच सोपं नसतं आणि बाईंनी तुला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी अडखळले. ‘एका क्लिपमधल्या मुलाला मी संशयित लिहिलं, तो मयताचा भाऊ निघाला; पण’. तो ‘पण’ मला काही केल्या ओलांडता येईना. तुझा अपमान, तुझं वाया गेलेलं काम, घरच्यांचं म्हणणं, आत्याचा फोन, सगळ्याला पत्रात ऐसपैस जागा मिळाली. त्या मुलाला एक वाक्य मिळालं, आणि त्यातलंही अर्धं सारवासारवीचं.

म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

ती क्लिप मी पाहिलेली नाही. पण मीही एकेकाळी हेच काम केलंय, अशा क्लिपा शेकड्यांनी पाहिल्यात, तेव्हा अंदाज करू शकते. रात्रीची वेळ असेल. मागे पोलिसांची पिवळी फीत, गाडीवरचा लाल-निळा दिवा गरगरतोय. पुढे हूडी घातलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, तोंडासमोर माईक. तो बहुतेक रडत नसेल. धक्का बसलेली माणसं पुष्कळदा रडत नाहीत, कोऱ्या चेहऱ्याने उभी राहतात. आवाज बंद. सात-आठ सेकंदांत तुला रकाना भरायचा होता आणि तू तो भरलास. कशाच्या जोरावर? त्याच्या हातात बेडी नव्हती, नाहीतर तू ते पत्रात लिहिलं असतंस. खाली नावाची पट्टी आली असेल, ती तू वाचली नसशील. म्हणजे समोरच्या चित्रात नसलेलं काहीतरी तू बाहेरून आणून त्याच्यावर ठेवलंस. आणि ते तुझ्याजवळ अमेरिकेला जाण्याच्या आधीपासून होतं. सिनेमे, वेब सिरीज, व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ, आत्याचा दर रविवारचा प्रश्न. हे सगळं विमानात तुझ्याबरोबरच बसून आलं.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. ज्या टीव्हीचा तू अभ्यास करतेस, तो कित्येक लोक असाच पाहतात. जिममध्ये, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, विमानतळावर आवाज बंद आणि चित्र चालू असतं. तुझ्यासारखेच किती प्रेक्षक त्या पोराला सात सेकंदांत आरोपी करून पुढे गेले असतील. फरक इतकाच की त्यांच्या चुकीची नोंद कुठेच होत नाही आणि तुझी एका तक्त्यात झाली.

आता बाईंचं वाक्य परत वाच. ‘हा डेटा तुझ्याबद्दल सांगतो.’ तुला ते चारित्र्याचं सर्टिफिकेट वाटलं. माझ्या मते ते निम्म्याहून जास्त तांत्रिक वाक्य आहे. आशय विश्लेषणात, म्हणजे बातमीत काय किती दिसतं हे मोजण्याच्या अभ्यासात, कोडर म्हणजे तराजू. रिकाम्या तराजूचं एक पारडं आधीच झुकलेलं असेल तर आपण म्हणतो, काट्याला पासंग आहे. तो पासंग प्रत्येकाला असतो, बाईंनाही, त्या दुसऱ्या मुलालाही. म्हणून तर एकच क्लिप दोघांना वेगवेगळी बघायला देतात आणि नोंदी ताडून पाहतात.

ताडून पाहण्यात एक खोच आहे, ती तुला वर्गात शिकवली असेल, तरी सांगते. समज, शंभर चेहऱ्यांपैकी 90 गोरे आहेत. दोन कोडरांनी क्लिप उघडल्यासुद्धा नाहीत, आपले डोळे मिटून 90 वेळा ‘गोरा’ आणि दहा वेळा ‘कृष्णवर्णीय’ ठोकलं. तरीही साधारण 82 ठिकाणी दोघांचं जुळेल! म्हणून नुसती टक्केवारी बघत नाहीत, योगायोगाने जुळलेला भाग वजा करणारी मापं वापरतात. त्यातलं क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे तुझ्या बाईंच्या तोंडी रोज असणार. सगळं जुळलं तर तो 1 येतो. तो 0.80 च्या वर असला तर निर्धास्त, 0.667 च्या खाली गेला तर त्या आकड्यांवर काहीही बोलू नये, असा दंडक आहे. तुमचा अल्फा खाली गेला. मग परत करण्याशिवाय दुसरा मार्ग बाईंकडे नव्हताच. त्यांनी ते तसंच पुढे रेटलं असतं आणि उद्या कुणी विचारलं असतं, तर तोंडघशी त्या पडल्या असत्या, तू नाही.

तुझा मूळ आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. चेहरा बघून वंश लिहिणं हे कानाला वाईटच लागतं. पण तू लिहितेस ते त्या माणसाचं सत्य नव्हे. तो स्वतःला कोण समजतो हे विचारायला जनगणना आहे. तिथे माणूस स्वतःचा रकाना स्वतः भरतो. तुझ्या तक्त्यात प्रश्न वेगळा आहे : या वाहिनीने प्रेक्षकाला काय दाखवलं? पडद्यावर दिसणारी गोष्ट टिपायची आणि तिथेच थांबायचं. तू भिडेखातर ‘सांगता येत नाही’ लिहीत गेलीस, तेव्हा काय झालं बघ. तो रकाना पाठमोऱ्या माणसासाठी असतो, धूसर केलेल्या चेहऱ्यासाठी, हेल्मेटसाठी. तू त्यात सरळसरळ दिसणारी माणसं टाकलीस. बेरीज झाली तेव्हा मोजायचे होते तेच लोक गणतीतून गळाले. सभ्यपणाने गाळलेला माणूसही गाळलेलाच असतो. आणि मला एक शंका आहे, चिडू नकोस. गोरा चेहरा दिसला तेव्हा तू किती वेळा ‘सांगता येत नाही’ लिहिलंस? फाइल उघडून मोज. मला कळवायची गरज नाही.

या मोजण्याच्या कामाला तू कारकुनी समजतेयस, असं पत्रावरून वाटलं. तर तुझ्या बाईंच्या आधी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम करणाऱ्या एका बाईंची गोष्ट ऐक. आयडा बी. वेल्स. 1862 साली मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मल्या, पुढे मेम्फिसमध्ये ‘फ्री स्पीच’ नावाच्या छोट्या वर्तमानपत्राच्या संपादक आणि भागीदार झाल्या. 1892 च्या मार्चमध्ये तिथल्या तीन कृष्णवर्णीयांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. त्यांचं किराणा दुकान होतं आणि ते शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला जड जात होतं. त्यातले टॉमस मॉस वेल्सबाईंचे जवळचे स्नेही. बाईंनी लिहायला सुरुवात केली आणि मे महिन्यात, त्या गावाबाहेर असताना, जमावाने त्यांच्या छापखान्याची मोडतोड केली. परत आलात तर जीव जाईल, असा निरोप पोचला.

झुंडबळींचं समर्थन करणारी तेव्हाची वर्तमानपत्रं एकच कारण पुढे करत : हे लोक गोऱ्या बायकांवर अत्याचार करतात. वेल्सबाईंनी त्यावर नुसता संताप लिहिला असता तर गोऱ्या वाचकांनी पान उलटलं असतं. त्यांनी काय केलं, तर आकडे गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून घेतले. शिकागो ट्रिब्यून दरवर्षी झुंडबळींची यादी छापत असे, तीच उचलली आणि 1895 च्या आपल्या पुस्तिकेत मांडली. तारीख, नाव, गाव आणि ठेवलेला आरोप. तुझ्याच तक्त्यासारखे रकाने! बेरीज केल्यावर दिसलं की जेमतेम एक-तृतीयांश प्रकरणांत बलात्काराचा आरोप तरी होता, सिद्ध होणं तर पुढची गोष्ट. बाकीच्यांच्या आरोपाच्या रकान्यात ‘गोऱ्यांचा अपमान’ अशासारखी कारणं होती, आणि काहींच्या पुढे चक्क ‘काही गुन्हा नाही’. तुम्हीच छापलंय, मी फक्त मोजलं, असं म्हणायची सोय त्यांनी करून ठेवली होती. पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार देणाऱ्यांना त्यांची आठवण झाली 2020 साली, त्यांच्या मृत्यूनंतर 89 वर्षांनी. असो.

आता फोटोंबद्दल. 1988 ते 1992 या काळात अमेरिकेतल्या तीन मोठ्या साप्ताहिकांनी गरिबीच्या बातम्यांना कुठले फोटो लावले, ते मार्टिन गिलेन्स नावाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने मोजलं. फोटोतल्या गरिबांपैकी 62 टक्के कृष्णवर्णीय होते. देशातल्या प्रत्यक्षातल्या गरिबांमध्ये त्यांचं प्रमाण होतं 29 टक्के. शिवाय ज्या गरिबांची वाचकाला कणव यावी, म्हणजे म्हातारीकोतारी माणसं, त्यांच्या फोटोंत कृष्णवर्णीय एकदम कमी. यात कुणी कटकारस्थान केलेलं नव्हतं. फोटो निवडणाऱ्याच्या मनात ‘गरीब’ म्हटल्यावर जो चेहरा आला तो पानावर लागला, इतकंच.

मी हे ठामपणे म्हणते, कारण मी ते स्वतः केलंय. मी बातम्यांच्या डेस्कवर होते तेव्हा आमच्याकडे जुन्या फोटोंची पाकिटं असायची. त्यांवर पेनने लिहिलेलं : ‘पाणीटंचाई’, ‘झोपडपट्टी’, ‘सण’. एकदा रात्री उशिरा चोरीची बातमी आली, जागा उरली होती, मी ‘झोपडपट्टी’च्या पाकिटातला एका गल्लीचा फोटो लावला. चोरी त्या भागात झालीही नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई अंक हातात घेऊन कचेरीत आल्या. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे माझं दार आहे. चोरीच्या बातमीत माझं दार कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला, तोही कुणी वाचला नसेल. ते दार निळ्या रंगाचं होतं, हे मला त्यांनी सांगितलं. छापील फोटो काळा-पांढरा होता.

तुझा प्रकल्प करणाऱ्यांना एक मोह फार असतो, त्याबद्दल सावध करते. एखादी झणझणीत जोडी सापडली की पुरावा मिळाला असं वाटतं. 2005 मधल्या कत्रिना वादळानंतरचे दोन फोटो बाईंनी तुम्हाला दाखवले असतीलच. छातीभर पाण्यातून सामान घेऊन जाणारा कृष्णवर्णीय तरुण, त्याखाली ओळ : दुकान ‘लुटून’ निघालाय. तसंच पाणी, तसंच सामान, गोरं जोडपं, त्याखाली ओळ : दुकानात खाण्याच्या वस्तू ‘सापडल्या’. जगभर गाजलं ते. पण फोटो दोन वेगवेगळ्या वृत्तसंस्थांचे होते, ओळी लिहिणारे वेगळे. पहिल्या संस्थेचं म्हणणं होतं की छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरताना पाहिलं. दुसऱ्या छायाचित्रकाराचं म्हणणं, सामान पाण्यावर तरंगत बाहेर आलेलं. दोघंही खरं बोलत असतील. एका जोडीवरून अंगावर काटा येतो, सिद्ध काही होत नाही. हजार फोटोओळी काढून बघितल्या तरच कळेल की ‘लूट’ हा शब्द कुणाच्या वाट्याला किती येतो. तुझ्या त्या कंटाळवाण्या तक्त्याचं मोल तिथे आहे.

आणि मोजल्यावर हवं तेच उत्तर निघेल असंही नाही. ट्रॅव्हिस डिक्सन या माध्यम-अभ्यासकाने लॉस एंजेलिसच्या टीव्ही बातम्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. आधीच्या अभ्यासांत कृष्णवर्णीय माणसं गुन्हेगार म्हणून प्रमाणाबाहेर दाखवलेली आढळली होती. 2017 मध्ये छापलेल्या त्यांच्या नव्या अभ्यासात तसं आढळलं नाही. पडद्यावरचं प्रमाण प्रत्यक्षाशी बऱ्यापैकी जुळलं. पण लॅटिनो माणसं पीडित म्हणून फारशी दिसतच नव्हती, आणि गोरे मात्र पीडित आणि पोलीस या दोन्ही रूपांत वाजवीपेक्षा जास्त. म्हणजे एक दुखणं कमी झालं, दुसरं तसंच राहिलं. त्यांनी जे निघालं ते छापलं. माणूस स्वतःच्या जुन्या निष्कर्षाविरुद्धचा आकडा छापतो तेव्हा मला त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

लॅटिनोंवरून आठवलं. तुझ्या कोडबुकात, म्हणजे नोंदी कशा करायच्या त्याच्या नियमावलीत, मला एक फट दिसते आणि ती तू बाईंना दाखवावीस. 2020 च्या अमेरिकन जनगणनेत लॅटिनो असणं हा वंश नव्हता, वेगळा प्रश्न होता. लॅटिनो माणूस गोरा असू शकतो, कृष्णवर्णीय असू शकतो. मग तुमच्या तक्त्यात एकाच ओळीत ‘गोरा, कृष्णवर्णीय, लॅटिनो’ असे पर्याय कसे? पडद्यावर ते ठरवायचं कशावरून? पट्टीवरच्या आडनावावरून, की रंगावरून? दोन कोडर दोन वेगळ्या खुणा धरून बसले तर नोंदी कशा जुळणार? तुमचा अल्फा घसरण्यात याचाही हात असू शकतो. ‘मला हे काम अपमानास्पद वाटतं’ असं म्हणत गेलीस तर दहा मिनिटांत बाहेर येशील. हा प्रश्न घेऊन गेलीस तर बाई खुर्ची ओढून देतील.

‘माझा काय संबंध’ हे तुझं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, आत्याच्या प्रश्नाहूनही. आपल्या लोकांचा या भांडणाशी संबंध शंभर वर्षांपूर्वीच लावून झालाय, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख गृहस्थ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांना. थिंड यांच्यापुढे हा भेद अन्याय्य आहे असं म्हणण्याचा रस्ता होता. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा की हे उच्चवर्णीय हिंदू आहेत (तेव्हा अमेरिकेत शिखांनाही हिंदूच म्हणत), आर्य आहेत, जातीबाहेर लग्न करत नाहीत, म्हणून रक्त शुद्ध, म्हणून गोरेच. 1923 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाच्या नजरेला हे गोरे नाहीत. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं. नीट बघ, निकाल कशावर लागला? चेहरा बघून साधा माणूस कुठल्या रकान्यात खूण करेल, यावर. आणि आपल्या माणसाने रकान्याविरुद्ध तक्रार केली नाही, वरच्या रकान्यात जागा मागितली.

तेव्हा ‘आमच्या घरात जातीचा विषय कधी निघाला नाही’ हे जरा जपून म्हणावं. ज्या घरांना जातीमुळे घर मिळालं नाही, आडनावावरून मुलाखतीत भुवया उंचावलेल्या दिसल्या, त्या घरांत तो विषय निघतो. न निघणं ही एक सोय असते. तुझं घर कुठलं ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. कदाचित उलटही असेल, मुद्दाम झाकून ठेवला असेल, तसंही होतं. पण ही गोष्ट स्वतःशी एकदा धुंडाळ, कारण बाईंच्या संशोधनातला अर्धा भाग हाच आहे : बातमी लिहिणाऱ्याला काय दिसत नाही.

अमेरिकी शहरांतल्या 1967 च्या वांशिक दंग्यांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने 1968 च्या अहवालात एक अख्खं प्रकरण वृत्तमाध्यमांवर लिहिलं. गोऱ्या माणसांच्या डोळ्यांनी, गोऱ्यांच्या जगातून तुम्ही बाहेर बघता, तेही बघितलंच तर, असा त्याचा रोख. तेव्हा संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी आणि संपादक-पर्यवेक्षकांत एक टक्क्याहूनही कमी होते. दहा वर्षांनी, 1978 ला, वर्तमानपत्रांच्या संपादकांच्या संघटनेने ठरवलं की 2000 सालापर्यंत वृत्तकक्षातलं वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण लोकसंख्येइतकं आणायचं. 2000 उजाडलं तेव्हा ते बारा टक्क्यांच्या आसपास अडलेलं होतं, आणि मुदत त्याआधीच 2025 वर ढकलून झाली होती. ते अहवालातलं प्रकरण वाच, फार मोठं नाही.

वाचताना एक जोडीही लावून बघ. 1827 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेलं पहिलं वर्तमानपत्र निघालं, ‘फ्रीडम्स जर्नल’. पहिल्याच अंकात त्यांनी सांगितलं की आमची बाजू आम्हीच मांडणार, आजवर फार काळ दुसरे आमच्या वतीने बोलले. 1920 च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघालं, त्याच्या माथ्यावर तुकोबा होते : ‘काय करूं आतां धरूनिया भीड। निःशंक हें तोंड वाजविलें॥’ पुढे 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकाचे संस्थापक-संपादक राहिलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिलं आणि ड्युबॉईस यांनी उत्तरही पाठवलं. तुझा संबंध काय, तर हा एक धागाही आहे. थिंडचाही आहे. दोन्ही आपलेच. मात्र एक पथ्य पाळ : जात म्हणजेच वंश असं समीकरण पहिल्याच मीटिंगमध्ये मांडू नकोस. दोन्हींत साम्य आहे, फरकही पुष्कळ आहेत. बातमीत रंग डोळ्यांना दिसतो, जात आडनावात आणि पत्त्यात लपते. आधी तिथलं शीक.

काम सोडू नकोस, हे एव्हाना कळलंच असेल. बाईंना ईमेलवर लांबलचक माफीनामा धाडू नकोस. त्या तो वाचतील आणि तुझी समजूत घालायचं कामही त्यांच्याच अंगावर पडेल. अर्धा तास वेळ माग. क्लिपमधल्या त्या मुलाच्या बाबतीत मी चुकले, हे सरळ सांग, ‘पण’ न लावता. आवाज चालू ठेवायचा की बंद, हे कोडबुकात लिहिलेलं नसेल तर लिहून घ्यायला सांग. मग लॅटिनोंचा प्रश्न काढ. दुसऱ्या कोडरशी चर्चा करायची ती सरावाच्या क्लिपांवर. खऱ्या नोंदी सुरू झाल्या की एकमेकांत बोलायचं नाही, नाहीतर जुळण्याला अर्थ राहत नाही. आणि त्या मुलाकडून ‘तुम्हा लोकांना काय वाटतं’ असलं काही काढून घ्यायला जाऊ नकोस. तो तिथे तुझ्याइतकाच पगारी कोडर आहे. चारचौघांत झालेल्या बोलण्याचं मनात राहिलं असेल तर तेही बाईंना सांग, शेवटी, दोन वाक्यांत. वीस वर्षं रिपोर्टर होत्या म्हणतेस, संपादकांची बोलणी त्यांनीही खाल्ली असतील.

नोकरीचं म्हणशील तर आई-बाबांची काळजी खोटी नाही, अमेरिकेतले वृत्तकक्ष आकसत चाललेत. पण ढिगाने व्हिडिओ शिस्तीत तपासून, चूक किती हे आकड्यात सांगता येणारं माणूस पत्रकारितेबाहेरही लागतं. मार्केटिंगवाल्यांनाही लागतं. त्यामुळे बाबांना इतकंच सांग की विषय बदलत नाही, हत्यार तेच शिकतेय.

शब्दांबद्दल एक, जाता जाता. 2020 च्या जूनपासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था ‘ब्लॅक’ शब्द माणसांबद्दल असेल तर मोठ्या बी ने लिहिते. आपल्या लिपीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे आपल्याला सन्मान दाखवायचा तर शब्दच बदलावा लागतो. तू मला लिहिताना बाईंना ‘कृष्णवर्णीय’ म्हणालीस आणि भांडण मात्र ‘गोऱ्या-काळ्यांचं’ झालं. माझ्या लक्षात आलं, तुझ्या आलं का?

आत्याला सुधारायला जाऊ नकोस, वय झालंय, आणि फोनही भलत्या वेळी येतो. पुढच्या रविवारी तिने विचारलं की तिला त्या क्लिपची हकीकत सांग. रात्र, पिवळी फीत, हूडी घातलेला मुलगा. तो कोण असेल, असं तिलाच विचार. ती काय म्हणते ते ऐकून घे, आणि मग सांग की त्याचा भाऊ गेला होता.